मामांसमोर हसायचं नाही

‘खिडकीशी तुम्ही बसा,’ सुहास म्हणाला आणि मी बसले. पण बाहेर बघायचं सोडून मी त्याच्याकडेच बघत होते, तेही चोरून. एसटी निंबगडचा घाट चढत होती. पुढच्या बाकावर आई मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती, आणि सहलीला निघालेल्या शाळकरी पोरीसारखा माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

‘नक्की काय दाखवणार आहात मला?’ त्यानं विचारलं.

‘लग्न.’

‘कुणाचं?’

‘मातीचं.’

आई मागे वळली. ‘आधीच सगळं सांगू नकोस गं हेमांगी. तिथं गेल्यावर बघू दे त्यांना.’

मग मी गप्प बसले. गप्प बसणं मला जड जातं, आणि त्या दिवशी तर फारच जड गेलं. कारण पुढच्या दोन तासांत माझ्या लग्नाचा निकाल लागणार होता आणि ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. मी सव्वीस वर्षांची होते. सुहास वेळापुरे हे बार्शीचं स्थळ, वीज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. आमच्या दोन भेटी झाल्या होत्या. दोन्ही घरच्या मोठ्यांना पसंत पडलं होतं आणि पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची होती. मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. आईनं विचारलं होतं, पण मी काही बोलायच्या आत ‘मुलगी लाजतेय’ म्हणून मावशीनंच उत्तर देऊन टाकलं. मुलात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. बोलायला बरा, पानात वाढलेलं टाकत नाही, माझ्या नोकरीबद्दल आडवंतिडवं काही बोलला नाही. पण चांगल्या माणसाबरोबर जन्म काढणं वेगळं आणि आपल्या माणसाबरोबर काढणं वेगळं, असं मला तेव्हा फार वाटायचं. तो आपला आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग मला ठाऊक होता. तो निंबगडात होता.

निंबगड माझं आजोळ. तिथल्या जुन्या संस्थानिकांनी एक वस्तुसंग्रहालय काढलं होतं. लहानपणी मे महिन्यात मी तिथं रोज जायचे. डांबराच्या गोळ्यांचा वास, पावलागणिक करकरणारी लाकडी जमीन, एक काचेचा डोळा हरवलेला पेंढा भरलेला वाघ, तीन माणसं बसतील एवढं भोजनाचं पातेलं. आणि मधल्या मोठ्या दालनात लग्न. पुरती बत्तीस माणसं, खऱ्या माणसांएवढी. नवरानवरी, भटजी, सनईवाले, पंगतीत वाढणाऱ्या बायका, रुसलेली आत्या, पळणारं कुत्रं सोडून सगळी मातीची. कुत्रं लाकडाचं होतं. दालनात शिरताना चपला बाहेर काढायच्या. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण लग्नघरात कोण चपला घालून जातं?

मूर्तिकारानं चेहरे मात्र गावातल्या माणसांचे घेतले होते. नवरीच्या मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे असलेले मामा म्हणजे माझ्या आईचे आजोबा, बापूराव रासने. बांगड्यांचं दुकान होतं त्यांचं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी गावासाठी ते मामाच राहिले. ज्याचा चेहरा, त्या घरानं दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी आपापल्या मूर्तीला नवे कपडे करायचे. रासन्यांकडून मामांना धोतर, सदरा, उपरणं आणि फेटा जायचा.

आणि गावातल्या मुलीचं ठरत आलं की सुपारीच्या आधी मुलाला तिथं न्यायचं. त्याला ‘मांडव दाखवणं’ म्हणायचे. जुन्या काळी मुलामुलीला चार पावलं बरोबर चालायला दुसरी जागाच नव्हती, त्यातून ही रीत पडली असावी. सगळं बघून झालं की घरातली मोठी बाई आपल्या घरच्या मूर्तीच्या पायाशी अक्षत ठेवायची. मग ते लग्न पक्कं. त्याआधी बैठकीत पुरुषांनी काहीही ठरवलेलं असो.

माझ्या बाबांनाही आईच्या वडिलांनी असाच मांडव दाखवला होता. बाबा सोलापूरचे. मामांसमोर उभे राहिले आणि हसले. थोडंथोडकं नाही, रुमाल तोंडात कोंबायची वेळ आली. आईनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. ती तांदूळ निवडत होती. ‘अक्षत ठेवली माझ्या आईनं,’ ती म्हणाली, ‘पण माझं मन तिथंच मोडलं. ज्याला आपल्या माणसांचं हसू येतं, तो आपलं सगळंच हसण्यावारी नेतो.’ बाबा वाईट नव्हते. पण आईच्या बाजूचं काहीही आलं, की आईच्या डोळ्यांत तो रुमाल दिसायचा, हे मी आयुष्यभर बघितलं. त्या दिवशीही ते आले नव्हते. ‘नको बाबा,’ म्हणाले, ‘मी तिथं हसलो की तुझी आई सहा महिने बोलत नाही.’

तेव्हा माझं ठरलं होतं. सुहास मामांसमोर हसला, की मी नाही म्हणणार. मावशी काहीही म्हणो.

स्टॅंडवर उतरल्यापासून मी पुढं आणि ते दोघं मागं. आजोळचं घर विकून बारा वर्षं झाली होती, त्यानंतर आमचं येणं सुटलं होतं. तरी पाय बरोबर वळत होते. ‘आता डावीकडे लोहाराची आळी, मग पिंपळ, मग दगडी फाटक,’ मी सांगत होते. ‘फाटकाशी तोफ आहे. लहानपणी मी तिच्यावर बसून पेरू खायचे.’

‘आज पण खाणार का?’ सुहासनं विचारलं.

‘पेरू मिळाला तर खाईन.’

वळणावर आले आणि थांबले. दगडी फाटक होतं, पण त्याला गुलाबी रंग दिला होता. तोफेच्या जागी सोंड वर केलेला फायबरचा हत्ती. वर पाटी होती, ‘निंबगड वैभव दर्शन’, आणि तिच्याभोवती भरदुपारी लुकलुकणारे दिवे.

‘रंगवलंय वाटतं,’ आई म्हणाली.

‘बाहेरूनच असेल,’ मी म्हणाले. ‘आत तसंच असणार.’

आत तसं काहीच नव्हतं. जमिनीला चकचकीत फरशी, खिडक्यांना काळे पडदे, सगळीकडे निळा उजेड. वाघाच्या जागी भिंतीवर वाघाचं चित्र होतं आणि जवळून गेलं की कुठूनतरी डरकाळी यायची. पातेलं दिसलं, पण त्यात कारंजं सोडलं होतं. मी जवळजवळ धावतच मधल्या दालनात गेले. तरी दाराशी सवयीनं चपला काढल्या. माझ्या शेजारून एक कुटुंब बुटांनिशी टकाटक आत गेलं.

मोठ्या काचेच्या पेटीत चार बाहुले उभे होते, कापडाच्या दुकानाबाहेर असतात तसले. नवरीला घागरा घातला होता. नऊवारी नाही, मुंडावळ्या नाहीत. चौघांचं हसू एकच. समोर एक बटण होतं. ते दाबलं की बँड वाजायचा, आतला पंखा सुरू व्हायचा आणि कागदी पाकळ्या उडायच्या. एक पाकळी नवऱ्याच्या ओठाला चिकटून बसली होती. बाजूला लाकडी फळीवर नवरानवरी रंगवलेली आणि तोंडाच्या जागी भोकं. त्यातून तोंडं घालून ते कुटुंब फोटो काढत होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. वीस मिनिटांपूर्वी मी या माणसाला काय काय सांगत होते. आता हे बघून तो हसला तर मी त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? हे बघून मामा स्वतःसुद्धा हसले असते.

पण सुहास हसला नाही. त्यानं जे केलं ते मला जास्त झोंबलं. त्यानं बटण दाबलं. मग वाकून पेटीच्या खालून वायर कुठून गेलीय ते बघितलं आणि पुन्हा दाबलं.

‘टायमर चांगला बसवलाय,’ तो म्हणाला. ‘बँड संपला की पंखा बरोबर थांबतो.’

‘आवडलं तुम्हाला?’

‘काम नीट केलंय. का, तुम्हाला नाही आवडलं?’

‘हे ते नाहीच आहे,’ मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. ‘इथं बत्तीस माणसं होती. तिथं आत्या रुसलेली होती. इथं, तुम्ही उभे आहात ना, तिथं पंगत होती. वाढणाऱ्या बाईच्या हातात तुपाचा खरा तांब्या होता. हे काय आहे? हे कुठल्याही मॉलमध्ये बघायला मिळतं.’

तो एक पाऊल मागं सरकला, जणू खरोखरच कुणाच्या पानावर पाय पडला होता. ‘मग ती माणसं कुठं गेली?’ त्यानं विचारलं.

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी आपली हळहळत बसले होते. आई मात्र कधीच कामाला लागली होती. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईसमोर ती जाऊन उभी राहिली.

‘आमचे मामा कुठं ठेवलेत?’ तिनं सरळ विचारलं.

बाईनं मान वर केली, डोळे बारीक केले. ‘रासन्यांची इंदू न्हवं तू?’

‘भागूबाई?’

‘आगं तर काय. म्हातारी झालीस की गं.’ भागूबाईनं फडकं बादलीत टाकलं. ‘मामा हैत. मागं घोड्याच्या पागंत हैत सगळी. दोन साल झालं. नव्या सायबानं काढली. म्हनं धूळ खात्यात, पोरं भित्यात.’

‘बघता येतील?’

‘सायेब जेवाय गेल्यात.’ तिनं कनवटीची किल्ली चाचपली आणि मग सुहासकडे बोट केलं. ‘ह्यो कोन?’

‘मांडव दाखवायला आणलाय,’ आई म्हणाली.

एवढं पुरलं. भागूबाई पुढं चालूही लागली. तिच्यामागून जाताना आईनं सुहासला मामा कोण आणि अक्षत कशाची ते थोडक्यात सांगितलं. माझा राग कुठच्या कुठं गेला आणि छातीत पुन्हा धडधड सुरू झाली. मामा होते. म्हणजे सगळं अजून व्हायचं होतं.

पागेचं दार सुहासनं खांदा लावून उघडलं. आत दमट अंधार होता. त्यानं एक झडप ओढली, ती निघेना, मग दुसरी ओढली आणि उन्हाचा पट्टा आत आला. सगळी वऱ्हाडमंडळी भिंतीकडे तोंडं करून उभी होती. प्लास्टिकचे कागद गुंडाळून सुतळीनं बांधलेली. पंगतीतल्या बायका एकमेकींवर रेलल्या होत्या. कुत्रं नव्हतं.

‘तोंडं फिरवून का ठेवलीत?’ आईनं विचारलं.

‘म्याच फिरीवली,’ भागूबाई म्हणाली. ‘दार उघडलं की समदी माझ्याकडंच बघायची. कापडं कसर लागली म्हनून जाळली सायबानं. उघड्या मान्सानी बघितलेलं बरं न्हाई वाटत.’

मामा कोपऱ्यात होते. नवरीच्या खांद्यावरचा हात तसाच पुढं आलेला, पण खाली खांदा नव्हता. नवरी दुसऱ्या टोकाला होती. सुहासनं सुतळी सोडली, कागद खाली सरकवला आणि भागूबाईच्या मदतीनं त्यांना उजेडाकडे वळवलं.

चेहरा तोच. मिश्या, कपाळावरची आठी, सोन्याच्या बाळ्यांची भोकं. या आठीला मी लहानपणी इतकी भ्यायचे की मामांसमोर पेरू लपवायचे. हात कोपरापर्यंत मातीचे, पाय गुडघ्यापर्यंत मातीचे. कपड्यांखाली कधी न दिसलेलं मधलं सगळं धड म्हणजे पेंढा कोंबलेलं गोणपाट होतं. आणि बरोब्बर पोटावर मोठ्या निळ्या अक्षरांत छापलेलं होतं: ‘साखर. निव्वळ वजन १०० किलो. हूक लावू नये.’

मला हसू फुटलं.

मी थांबवायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. ओठ चावला, पदर तोंडाला लावला. पण सकाळपासूनची ती सगळी धडधड, तो हत्ती, ती चिकटलेली पाकळी, आणि आता हे मामा, ज्यांच्यासमोर अख्ख्या रासने घराण्यानं कधी शिंकसुद्धा दिली नव्हती. मी भिंतीला टेकून हसत सुटले. डोळ्यांतून पाणी आलं. हसताना मला स्पष्ट कळत होतं की हे भयंकर आहे, आणि त्यानं आणखीनच हसू येत होतं.

आई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. तिच्या हातातल्या पिशवीतून मामांसाठी आणलेला नवा सदरा आणि फेटा डोकावत होता.

‘काकू, ती पिशवी द्या,’ सुहास म्हणाला.

त्यानं पिशवीतून सदरा काढला आणि मामांच्या हातांतून हलकेच चढवला. पुढं आलेला हात बाहीतून जाईना, तेव्हा उसवून न टाकता बाही दुमडत दुमडत वर नेली. मग धोतर. ते त्याला नेसवता येईना, म्हणून भागूबाईनं नेसवलं. उपरणं त्यानं नीट खांद्यावर टाकलं. फेट्याशी अडलं. मामांच्या डोक्यावर दोन फेरे घेतले की फेटा सटकायचा. तीनदा सुटला.

‘मला दुसऱ्याच्या डोक्यावर बांधता येत नाही,’ तो म्हणाला. ‘स्वतःच्या येतो.’

मग त्यानं तो स्वतःच्याच डोक्यावर बांधला, दातात टोक धरून, सावकाश, शेमला मागं सोडून. दोन्ही हातांनी तो उचलला आणि मामांच्या डोक्यावर ठेवला. जरा तिरका झाला होता. त्यानं मागं सरून बघितलं, पुन्हा जाऊन सरळ केला. एवढ्या वेळात त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही.

मामा पुन्हा मामा झाले. माझं हसू आपोआप थांबलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं डोळे पुसले, पिशवीतून पितळी वाटी काढली. कुंकू लावलेल्या अक्षता होत्या. मामांच्या पायाशी ती वाकणार, तोच सुहास म्हणाला, ‘काकू, थांबा जरा.’

आई थबकली.

‘हेमांगी अजून हो म्हणाल्या नाहीत.’

‘असं कसं? म्हणजे, तिचं आहेच की...’

‘मी ऐकलेलं नाही,’ तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. ‘सकाळपासून त्या माझ्या तोंडाकडे बघतायत. एसटीत, रस्त्यात, त्या बटणापाशी. मी कशाततरी नापास होईन म्हणून बघतायत हे कळतंय मला. कशात, ते कळत नाही. ते कळलं पाहिजे, मग ठेवा अक्षत. नाहीतर नका ठेवू. मी घरी सांगेन काहीतरी.’

भागूबाई किल्ली हातात घेऊन आमच्याकडे टकामका बघत होती. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

‘तुम्ही हसता का, ते बघत होते,’ मी म्हणाले. ‘मामांसमोर. हसलात तर नाही म्हणायचं ठरवलं होतं.’

‘असं का?’

‘माझे बाबा हसले होते.’

त्यानं मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या पागेत त्या दिवशी कोण हसलं होतं ते चौघांनाही माहीत होतं, आणि मामा धरले तर पाचांना.

आई हळूच खाली, उपड्या बादलीवर बसली. वाटी तिच्या मांडीवर होती.

‘असेच हसले होते ते,’ ती म्हणाली. माझ्याकडे नाही, वाटीकडे बघत. ‘अगदी असेच भिंतीला टेकून. डोळ्यांतून पाणी. मी तेव्हा त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं गं नीट, मान फिरवली होती. आत्ता तुला बघितलं.’ ती थांबली. ‘तुला हसू आलं ते काही मामांना नावं ठेवायची म्हणून नाही. घाबरली होतीस तू.’

‘हो,’ मी म्हणाले.

‘तेही घाबरले असतील. तेवीस वर्षांचं पोर होतं. अख्खं गाव जमलेलं.’ तिनं नाक ओढलं. ‘अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाला टाकून बोलतेय.’

मी तिच्या मांडीवरची वाटी उचलली. अक्षत मोठ्या बाईनं ठेवायची असते, मुलीनं नाही. भागूबाई ‘आगं, आगं’ म्हणाली, पण आईनं तिला हातानं थांबवलं. मी मामांच्या मातीच्या पायांशी वाकले.

‘मामा,’ मी म्हणाले, ‘मुलगा बघितलाय. सुहास वेळापुरे, बार्शीचे. मला पसंत आहेत. मांडवात उभे राहा.’

आवाज चिरकला, पण शब्द सगळे आले. अक्षता ठेवून उठले तेव्हा मला पळत सुटावंसं वाटत होतं, स्टॅंडपर्यंत, लोहाराच्या आळीतून, ओरडत. सुहास तसाच उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, नजर मामांच्या सदऱ्याच्या गुंड्यांवर. त्याच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. मला वाटलं, याला राग आलाय.

‘झालं ना?’ त्यानं कसंबसं विचारलं. ‘म्हणजे, आता पक्कं?’

‘पक्कं,’ आई म्हणाली.

‘मग आता मी हसलो तर चालेल का?’ तो म्हणाला. ‘मघापासून ते “हूक लावू नये” दाबून धरलंय हो काकू.’

आणि सगळ्यांत आधी आई हसली.